फ्लोअर पायाखाली दबतोय, नुसता वरचा प्लाय बदलून भागेल का? (१७ फुटी फायबर बोट)

नवशिक्या_नावाडी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. सांभाळून घ्या.

माझ्याकडे १७ फुटी उघडी फायबर बोट आहे, मागे ६० हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड. सेकंडहँड घेतलेली. गेले दोन हंगाम सुकाणूच्या सीटपुढचा फ्लोअर पायाखाली दबतोय. आधी तळहाताएवढी जागा होती. आता टाच टेकली की खाली जाते आणि कडेच्या चिरेतून पाणी वर येतं. माझा बेत असा: तेवढा भाग चौकोनी कापायचा, नवा १२ मिमी प्लाय बसवायचा, वरून मॅट-रेझीनचे दोन थर. दोन शनिवार-रविवारांत उरकेल असा अंदाज आहे. काही चुकतंय का?

जुना_खलाशी

अंदाज चुकतोय.

फ्लोअर वरून कुजत नाही, खालून कुजतो. पाणी आलं कुठून आणि वाटेत आणखी काय काय भिजवलं, ते आधी शोधा. फ्लोअरच्या खाली बोटीच्या लांबीभर उभे पाट असतात, म्हणजे स्ट्रिंगर. बहुतेक बोटींत ते लाकडाचे किंवा प्लायचेच, वरून फायबर चढवलेले. फ्लोअर मेला की स्ट्रिंगर क्वचितच वाचलेला सापडतो.

स्क्रू ड्रायव्हरची मूठ घ्या आणि वीतभर अंतराने ठोकत जा. चांगल्या जागी आवाज टणक येतो, कुजलेल्या जागी बद्द वाजतं. मग स्ट्रिंगरच्या अगदी बुडाशी ४ मिमीचं ड्रिल मारा, पण तळाला भोक पाडू नका. बाहेर कोरडा, फिकट भुसा आला तर नशीबवान आहात. काळपट लगदा आला तर धाग्याचं शीर्षक बदला.

ट्रान्सम, म्हणजे इंजिन जिच्यावर टांगलंय ती मागची उभी भिंत, तो पण बघा. इंजिन तिरकं वर घ्या, त्याच्या पंख्याकडच्या टोकाला धरून वरखाली जोर लावा आणि दुसऱ्या कुणाला तरी ट्रान्समकडे बघायला सांगा. तो श्वास घेतल्यासारखा हलला तर त्याच्या पोटातला प्लायही गेला.

लाटेवर

+१. आणि भोकं पाडलीत की लगेच बुजवू नका, पाणी किती दिवस ठिबकतं ते बघा. माझ्या एका भोकातून चार दिवस थेंब थेंब चालू होतं.

नवशिक्या_नावाडी

मंडळी, शीर्षक तसंच ठेवतो, पण उत्तर मिळालं. सहा भोकांपैकी पाचांतून लगदा. एकातून तर पाणीच आलं, सडक्या पानांसारख्या वासाचं. ट्रान्सम साधारण ३-४ मिमी हलतो.

रविवारी फ्लोअर कापला. खाली स्ट्रिंगरच्या मधल्या पोकळ्या पिवळ्या फोमने गच्च भरलेल्या. फोम पाणी पीत नाही असं ऐकून होतो. उशीएवढा एक तुकडा काढून काट्यावर ठेवला. कोरडा असता तर अर्धा किलोही भरला नसता. नऊ किलो भरला! म्हणजे इतके दिवस मी किती पाणी फिरवून आणत होतो देव जाणे. बोट जड चालते म्हणून इंजिनाला दोष देत होतो.

स्ट्रिंगरचं वरचं फायबर सोलल्यावर आतलं लाकूड चक्क मुठीने उपसलं. तीनही काढून टाकले. आता आतून तळ लख्ख मोकळा आहे. पुढे काय?

जुना_खलाशी

थांबा. तीनही एकदम काढले? बोट कशावर आहे?

नवशिक्या_नावाडी

ट्रेलरवर. का?

जुना_खलाशी

अहो, तो तळ म्हणजे जेमतेम ६-८ मिमी जाडीचं कवच आहे. त्याला आकारात धरून ठेवायचं काम स्ट्रिंगर करत होते. आता ते नाहीत, आणि ट्रेलरच्या दोन फळ्या नेमक्या जागी खालून रेटतायत. बाकीचा तळ लोंबतोय. या अवस्थेत नवे स्ट्रिंगर चिकटवलेत तर तोच वाकडेपणा कायमचा होईल.

मागच्या बाजूला तळ आत दबलेला राहिला तर पाण्यात नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, खाली दाबली जाते, वेग जातो. उलट फुगलेला राहिला तर वेगात नाळ उड्या मारत राहते, काही केल्या बसत नाही. इंजिन बदला, पंखा बदला, फरक पडत नाही. दोष तळात असतो.

एक सरळ अॅल्युमिनियमची पट्टी घ्या, दोनेक मीटरची. ट्रान्समपासून पुढे, कण्याला समांतर, बाहेरून तळाला लावून बघा. फट किती दिसते ते सांगा. तोवर आत पाय ठेवू नका.

नवशिक्या_नावाडी

उजवीकडे ९ मिमी, डावीकडे ४ मिमी. दोन्हीकडे ट्रेलरच्या फळीच्या वर तळ आत गेलाय. हात-पाय गळाले.

सुतारपक्षी

घाबरू नका, फायबर लवचीक आहे, परत येतं. अजून काही चिकटवलेलं नाही हे बरं झालं. डेकचा वरचा भाग कापलेला नाही ना? तो आहे तोवर वरच्या कडा आकारात आहेत, मोठा आधार आहे तो.

बोट ट्रेलरवरून उतरवा. खाली चार आडवे आधार करा, प्रत्येक तळाच्या त्या जागच्या आकाराला कापून. एक ट्रान्समच्या अगदी खाली, एक नाळेच्या वळणाआधी, दोन मध्ये. आकार घ्यायचा तर पुठ्ठ्याची पट्टी तळाला टेकवून कंपासने रेघ ओढा, ती प्लायवर उतरवा. आधारांवर जुन्या गालिच्याची पट्टी मारा म्हणजे टोचणार नाही. मग पाणसळ. आडवी आधी: दोन्ही कडांवर लांब फळी टाकून. उभी नंतर. पाणसळीत आली की जिथे तळ लोंबतोय तिथे खालून पाचरा मारत पट्टीची फट मिटवत जा. दोन-दोन मिमी, घाई नको. एक रात्र तशीच ठेवा, सकाळी पुन्हा मोजा. रात्रीत ती बसते.

शेवटी ट्रान्समच्या मध्यापासून नाळेपर्यंत दोरी ताणा आणि बोट पुरी होईपर्यंत सोडू नका. सगळी मापं त्या दोरीपासून घ्यायची. जुन्या स्ट्रिंगरची उंची कुठे लिहून ठेवलीत का?

नवशिक्या_नावाडी

लिहिली नाही, पण तळावर जुन्या फायबरच्या पाळी दोन इंच उंच शिल्लक आहेत, त्यामुळे जागा पक्क्या कळतात. फ्लोअर बोटीच्या कुशीला जिथे चिकटला होता ती रेघही स्पष्ट दिसते. म्हणजे उंची = त्या रेघेतून आडवी फळी टाकून खाली तळापर्यंत, वजा प्लायची जाडी. बरोबर?

सुतारपक्षी

एकदम बरोबर. त्यातून लांबीच्या, म्हणजे स्ट्रिंगरखाली भरायच्या घट्ट पुट्टीच्या, थरासाठी ५-६ मिमी आणखी वजा करा. उंचीत बाकी काटकसर करू नका हां. उभ्या पाटाचा ताठपणा उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. उंची निम्मी केली तर ताठपणा आठव्या हिश्श्यावर येतो. जाडी वाढवून ते भरून निघत नाही.

वाचनमात्र

वाचनखूण साठवली आहे. एक बाळबोध प्रश्न: लाकूडच कुजतं तर पुन्हा लाकूड का?

रेझीनवाला

माझं रोजचं कामच लॅमिनेशनचं, म्हणून उत्तर देतो.

लाकूड पाण्याने कुजत नाही, बुरशीने कुजतं. बुरशीला हवा लागते आणि लाकडात साधारण २० टक्क्यांच्या वर ओल लागते. पावसाचं गोडं पाणी साचणं हे खाऱ्या पाण्यापेक्षा वाईट, कारण मीठ बुरशीला मानवत नाही. मूळ कारखान्याने प्लायच्या कडा उघड्या ठेवल्या, फ्लोअरची खालची बाजू कोरडी सोडली, सीटचे स्क्रू सरळ लाकडात मारले. पाणी तिथून गेलं. सगळ्या बाजूंनी नीट बंद केलेलं लाकूड बोटीच्या मालकापेक्षा जास्त जगतं.

लाकूड नकोच असेल तर काचतंतू घातलेले दाट फोमचे बोर्ड मिळतात, कूसा वगैरे. हलके, कुजत नाहीत. पण धूळ भयंकर, आणि इंजिनाचे बोल्ट आवळताना चिरडू नयेत म्हणून ट्रान्समसाठी त्यातला जास्त घनतेचा प्रकार घ्यावा लागतो.

प्लाय घेणार असाल तर बीएस १०८८ मानकाचा मरीन. शंका असेल तर तुकडा तासभर उकळा, वाळवा, पुन्हा उकळा. थर सुटले तर परत करा. जंतुनाशक औषध दाबून भरलेलं लाकूड नको, ते बहुधा ओलंच येतं आणि रेझीन धरत नाही.

लाटेवर

आता खरा वाद: रेझीन कुठलं, पॉलिस्टर की एपॉक्सी? मी पहिल्यांदाच सांगतो, एपॉक्सी. दुसरं बोलूच नका.

रेझीनवाला

लाटेवरराव, बोटी बहुतेक सगळ्या पॉलिस्टरच्याच असतात आणि तीस-चाळीस वर्षं तरंगतात. तेव्हा इतकं तोडून बोलू नये.

फरक असा. पॉलिस्टर फायबरला ठीक चिकटतं, लाकडाला तितकं नाही. एपॉक्सी दोन्हीला घट्ट चिकटते, जुन्या पॉलिस्टरवरही. पण एकदा एपॉक्सी वापरली की त्यावर पुन्हा पॉलिस्टर चढवायचं नाही, धरत नाही. निर्णय सुरुवातीलाच.

दुसरं, नेहमीची चिरलेल्या धाग्यांची मॅट घेतलीत तर तिच्यातला बांधणारा पदार्थ पॉलिस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो. एपॉक्सीत स्टायरीन नाही, मॅट कडकच राहते, कोपऱ्यात बसत नाही. एपॉक्सीसोबत शिवलेलं द्विदिश कापड घ्या, ते १७०८ म्हणतात ते चालतं, कारण त्याची मॅट शिवलेली असते.

तिसरं, हार्डनर. पॉलिस्टरला १ ते २ टक्के, हवेप्रमाणे थोडं कमीजास्त चालतं. एपॉक्सीत "लवकर वाळावं म्हणून थोडं जास्त" हा प्रकारच नाही. प्रमाण म्हणजे प्रमाण, नाहीतर कायम चिकट. आणि पॉलिस्टरचा हार्डनर आणि कोबाल्टचा अॅक्सिलरेटर एकमेकांत थेट कधीही ओतू नका, स्फोट होतो. तोच हार्डनर डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. गॉगल लावूनच बाटली उघडा.

नवशिक्या, तुमच्यासाठी माझं मत एपॉक्सी. लाटेवर म्हणतात म्हणून नाही. तुम्ही एकटे, हळू काम करणार, आणि लाकूड वापरताय म्हणून.

लाटेवर

म्हणजे मीच बरोबर. हाहा.

नवशिक्या_नावाडी

प्रगती: बोट आधारांवर, पट्टीची फट दोन्हीकडे १ मिमीच्या आत. काका, तुम्ही थांबा म्हणालात त्या दिवशी संध्याकाळी मी स्ट्रिंगरचा प्लाय कापणार होतो.

गेले पाच दिवस फक्त घासणं. ३६ नंबरची डिस्क, पूर्ण अंगाचा सूट, दोन फिल्टरवाला मास्क, बाह्यांना चिकटपट्टी. तरी रात्री मानेला अशी खाज सुटते की झोप नाही. कुणीतरी उपाय सांगा.

जुना_खलाशी

आधी गार पाणी, साबण न लावता, न चोळता. चोळलं की काचेचे कण आत रुततात. ते कपडे घरातल्या कपड्यांत धुवायचे नाहीत.

नवशिक्या_नावाडी

आणखी एक पराक्रम. स्ट्रिंगर बसवायच्या दिवशी एकाच डब्यात दोन किलो एपॉक्सी कालवली, म्हटलं पुन्हा पुन्हा कोण कालवणार. दहाव्या मिनिटाला डबा हाताला चटका देऊ लागला, बाराव्या मिनिटाला पांढरा धूर. बाहेर मातीत नेऊन ठेवला. डब्याचं प्लास्टिक वितळून एका बाजूला कलंडलं होतं.

रेझीनवाला

सगळे एकदा करतात. खोल डब्यात उष्णता कोंडते, उष्णतेने आणखी वेगाने जमतं, त्याने आणखी उष्णता. एका वेळी पाव-अर्धा किलो, आणि कालवलं की लगेच पसरट ट्रेमध्ये ओता. तेवढ्याने वेळ जवळजवळ दुप्पट मिळतो.

सुतारपक्षी

स्ट्रिंगर बसवताना प्लायची कड थेट तळावर टेकवलीत का? टेकवू नका. जिथे टेकेल तिथे लाटेचा प्रत्येक धक्का एका रेघेत बसतो आणि काही वर्षांनी बाहेरून तीच रेघ तड्यासारखी उमटते. खाली ५-६ मिमीच्या ठोकळ्यांवर ठेवा, मधे लांबी भरा. लांबी म्हणजे एपॉक्सीत सिलिका पावडर आणि बारीक काचतंतू, चमच्यावरून ओघळणार नाही इतकी घट्ट. वरून दोरीला लावून दाबायचं, बाजूने जी बाहेर येईल तीच गोल फिरवून कोपरा भरायचा. एखादा गोल पाइपचा तुकडा फिरवला की छान पन्हाळीसारखं वळण येतं. काटकोनी कोपऱ्यात कापड बसत नाही, मागे हवा राहते. स्ट्रिंगरची वरची धारही रंध्याने गोल करा, त्याच कारणासाठी.

प्लायची लांबी कमी पडते तिथे जोड तिरका, जाडीच्या आठ पट. १८ मिमीला १४४ मिमी. आणि दोन्ही बाजूंच्या स्ट्रिंगरचे जोड एका ओळीत आणू नका.

नवशिक्या_नावाडी

ओल्या लांबीवर लगेच कापड की वाळल्यावर?

रेझीनवाला

लांबी बोट लावल्यावर ठसा उठेल पण हाताला लागणार नाही, तेव्हा. त्या वेळी कापड चढवलं की एकजीव होतं आणि मधे घासावं लागत नाही. पूर्ण वाळू दिलीत तर वर मेणचट थर येतो. तो आधी पाण्याने आणि खरखरीत घासणीने धुवा, नंतर सँडपेपर. उलट केलंत तर तो मेणचटपणा आतच रगडला जाईल.

थरांच्या पट्ट्या एकाच रुंदीच्या नकोत. तळावर पहिली १०० मिमी, दुसरी १५०, तिसरी २००, म्हणजे कडा पायरीसारख्या उतरतील. रुंद आधी की अरुंद आधी यावर आमच्याकडे दोन पक्ष आहेत आणि दोघांच्या बोटी तरंगतायत.

लाटेवर

पाणी वाहायची भोकं विसरू नका! स्ट्रिंगरला पाण्याची वाट नसेल तर प्रत्येक कप्पा एक हौद.

जुना_खलाशी

भोकं पाडायची पण उघडं लाकूड ठेवायचं नाही. मोठं भोक पाडा, आत पीव्हीसी पाइपचा तुकडा लांबीत बसवा, दोन्ही तोंडं सपाट कापा. मी उघडलेल्या निम्म्या स्ट्रिंगरांची कूज याच भोकांपासून सुरू झालेली होती.

नवशिक्या_नावाडी

ट्रान्सम झाला. आतून पोखरून काढला, बाहेरचं फायबरचं कातडं शाबूत. आत १८ मिमीचे दोन प्लाय एकमेकांना चिकटवून. सगळीकडे लांबी लावून इंजिनाच्याच बोल्टांनी, आतबाहेर जाड फळ्या घालून आवळला. एक गोष्ट अनुभवाने सांगतो: मी सगळा जोर लावून आवळत होतो, सुतारपक्षींना फोटो पाठवला तर त्यांनी ओरडून थांबवलं. एपॉक्सी सगळी बाहेर पिळून निघाली की सांधा उपाशी राहतो. कडेने सारखी बाहेर डोकावली की बास.

आता फ्लोअर. प्लायची खालची बाजू आणि चारही कडांना एपॉक्सीचे तीन हात. अगदी स्क्रू-बोल्टच्या भोकांच्या आतूनही. फोम परत भरावा का?

लाटेवर

भरू नका. एकदा पाणी प्यायलेला फोम बघूनही?

जुना_खलाशी

आणि बोट पाण्याने भरली तर तरंगायची कशावर? ३२ किलो घनतेचा एक घनमीटर फोम गोड्या पाण्यात साधारण ९६० किलो उचलतो. पाव घनमीटर म्हणजे २४० किलो. ही गोष्ट सोडून देण्यासारखी नाही. वाद जागेचा आहे. सगळा फोम फ्लोअरखाली गच्च भरला तर भरलेली बोट उलथायला बघते, आणि तळाच्या पाण्यातही तोच बसतो. काही भाग कुशीत उंचावर, काही मागे इंजिनाच्या दोन्ही बाजूंना. फ्लोअरखाली भराल तर कण्याच्या बाजूने पाण्याची वाट मोकळी ठेवा.

रेझीनवाला

ओतायचा फोम असेल तर २४-२५ अंशांखाली ओतू नका, नीट फुगत नाही. दोन भाग अर्ध्या मिनिटाच्या आत ढवळून ओता. पंचवीस-तीस पट फुगतो, तेव्हा थोडा थोडा, आणि हवेला भोकं ठेवा. कोंडलेला फोम नवा फ्लोअर उचलून टाकतो. वाफा विषारी, मास्क काढायचा नाही.

नवशिक्या_नावाडी

दोन शनिवार-रविवारांचं काम अकरा आठवड्यांनी संपलं. आज पाण्यात उतरवली. तोच वेग आता कमी रेसवर मिळतो, वळणावर पूर्वी फ्लोअर करकरायचा तो आवाज नाही. उतरून आल्यावर बुडाचा बूच काढला, पेलाभर पाणी आलं.

काका, सुतारपक्षी, रेझीनवाले, दंडवत. लाटेवर, तुम्हालाही, तुम्ही बरोबर होतात.

वाचनमात्र

अभिनंदन! सीट कशी बसवली ते राहिलं. स्क्रू?

नवशिक्या_नावाडी

स्क्रूच, पण आधी दुप्पट मोठं भोक, त्यात एपॉक्सी, ती वाळल्यावर तिच्या मधोमध स्क्रूचं भोक. स्क्रूला लाकूड दिसतच नाही.

नवशिक्या_नावाडी

जवळजवळ वर्षाने धागा वर काढतोय.

परवा बोट धुताना ट्रान्समच्या बाहेरच्या बाजूला, पाण्याच्या रेघेखाली, चार चकचकीत स्क्रू दिसले. माझे नव्हेत. धाकट्या भावाने मी गावाला गेलो असताना मासे दाखवणाऱ्या यंत्राचा सेन्सर बसवला होता, मला खूश करायला. सरळ लाकडात, सीलंटचा थेंब न लावता. तीन आठवडे बोट पाण्यात होती.

स्क्रू काढले. दोन कोरडे, दोनांच्या टोकाला ओला भुसा, पण रंग अजून फिकट. भोकं मोठी करून आत दिवा लावून वाळत ठेवलीत. काका, किती दिवस वाळवू?

जुना_खलाशी

दिवस मोजू नका, वजन करा. भोकात कापसाची वात घालून रात्रभर ठेवा, आधी आणि नंतर छोट्या काट्यावर वजन. दोन सकाळी लागोपाठ तेच आलं की भरा. तोवर दिवा जवळ नको, हाताला ऊब लागेल इतकाच.

आणि त्या भावाला ग्राइंडर द्या.

नवशिक्या_नावाडी

दिलाय. सध्या गार पाण्याने अंघोळ चालू आहे त्याची.